स्मरणचित्राचा विषय

शासकीय रेखाकला परीक्षा, जिला आपण सारे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी ओळखतो, तीत ‘स्मरणचित्र’ नावाचा एक पेपर असतो. समोर वस्तू नाही, नमुना नाही. केवळ आठवणीच्या बळावर चित्र रंगवायचे. विषय बहुधा ठरलेले: आठवडी बाजार, बसस्थानक, जत्रा, पाणवठा, पतंग उडविणारी मुले. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांनी हा पेपर दिला असेल, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात फळ्यावर काढून दिलेला बाजार दहा वेळा गिरविलाही असेल. डावीकडे भाजीवाली, उजवीकडे छत्रीखालचा चांभार, मागे कौलारू घर. मग परीक्षेत मुलाला जे आठवते ते फळ्यावरचे चित्र असते; त्याने स्वतः पाहिलेला बाजार नव्हे. विदर्भातील शाळांत हा पेपर मी अनेक वर्षे जवळून पाहिला आहे. त्याच्यामुळे मुलांचा हात तयार होतो, दहावीला सवलतीचे गुणही मिळतात, हे मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

‘स्मरणचित्र’ हा शब्द मला फार आवडतो. प्रश्न एवढाच पडतो की, एखाद्या मुलाची आठवण जत्रेची नसेल तर त्याने काय काढावे?

हा प्रश्न निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेतच विचारायला हवा. निवासी विद्यालयात आलेले मूल बहुतेक वेळा काहीतरी मागे टाकून आलेले असते. कुणाचे आईबाप वीटभट्टीवर, कुणाचे ऊसतोडीला. कुणाच्या घरी कर्जापायी बाप गेलेला. कुणी गडचिरोलीच्या अशा गावातून आलेले, जिथे रात्री दारावर थाप पडली की ती कोणाची हे आधी ओळखावे लागते. बौद्ध संस्थांच्या वसतिगृहांत ईशान्येकडील चकमा मुलेही शिकतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांची शेते कर्णफुली नदीवरील काप्ताई धरणाच्या पाण्याखाली गेली आणि १९६४ च्या सुमारास ती कुटुंबे चितगाव डोंगराळ प्रदेशातून भारतात आली. ही सारी मुले एका रांगेत जेवतात, एका घंटेला उठतात, एकाच गणवेशात वंदनेला बसतात. हे चांगलेच आहे. मात्र गणवेशाच्या आत प्रत्येकाचे एक निराळे गाव असते, आणि ते गाव सांगायला त्याच्याजवळ अनेकदा शब्द नसतात. जे शब्द असतात ते त्याच्या बोलीतले असतात. वर्गात ते उच्चारण्याचा त्याला संकोच वाटतो. हातात खडू दिला तर गोष्ट वेगळी होते.

नागपूरकरांना निर्वासित म्हटले की हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटर विकायला बसणारी तिबेटी माणसे आठवतात. घासाघीस करून स्वेटर घेतला की आपला त्यांच्याशी संबंध संपतो. ही माणसे कुठून येतात, असे विचारणारे थोडे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाच्या परिसरात, नोर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. तिबेटच्या थंड पठारावरून आलेल्या माणसांनी झाडीपट्टीच्या उन्हात धानाची शेती शिकून घेतली. त्यांच्या आधीच्या पिढीने १९५९ नंतर हिमालयातील रस्त्यांच्या कामावर दगड फोडले होते. त्या रस्ताछावण्यांत मुले आजारी पडत, दगावत. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील छावण्यांतून ५१ मुले धर्मशाळेला आणण्यात आली आणि दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांची जबाबदारी घेतली. पुढे जगभर नाव झालेल्या तिबेटी बालग्रामाचा आरंभ हा असा झाला. म्हणजे तेही एक बौद्ध निवासी विद्यालयच.

त्यानंतरची कित्येक वर्षे मुले तिबेटातून येतच राहिली. पुष्कळदा आईवडिलांनी त्यांना वाटाड्याच्या हवाली केलेले असे. पावणेसहा हजार मीटरच्या आसपासची नांगपा खिंड रात्रीच्या अंधारात बर्फातून ओलांडायची, नेपाळमार्गे भारतात यायचे, आणि मग बहुधा आईवडिलांची भेट नाहीच. ३० सप्टेंबर २००६ रोजी याच खिंडीत चिनी सीमारक्षकांनी अशा एका जथ्यावर गोळीबार केला आणि सतरा वर्षांची एक भिक्षुणी मारली गेली. जवळच्या तळावरील परदेशी गिर्यारोहकांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला, त्याचे चित्रीकरण झाले, म्हणून जगाला कळले. ज्या जथ्यांपाशी कॅमेरा नव्हता त्यांची नोंद कुठे राहिली? काही अंशी मुलांच्या कागदांवर. उंच निमुळती शिखरे, त्यांच्या पायथ्याशी मुंग्यांसारखी माणसांची रांग, कडेला बंदूक धरलेला सैनिक: हिमालय ओलांडून आलेल्या मुलांची चित्रे पाहताना हीच दृश्ये पुन्हा पुन्हा समोर येतात. डोंगर आपली मुलेही काढतात. दोन त्रिकोण, मध्ये उगवता सूर्य, खाली नदी आणि नारळाचे झाड. विदर्भात नारळ नसला तरी चित्रात तो असतोच! तिबेटी मुलाचा डोंगर मात्र त्याने पायांनी मोजलेला असतो.

महाराष्ट्राने अशी मुले पूर्वीही पाहिली आहेत. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. त्यातून वाचलेल्यांपैकी काही १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आणि तेथून पुढे भारतात पोहोचले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी आश्रयस्थान उभारले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे मात्र कोल्हापूरबाहेर फारसे कुणाला माहीत नसते. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाट्यप्रयोग, बालवीर पथके. पंचगंगेच्या परिसरात पाच वर्षे एक छोटे पोलंड नांदत होते. छावणी रिकामी झाली आणि त्याच जागी फाळणीत घरे गमावलेली सिंधी कुटुंबे आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातील लोक तेथे कापड घ्यायला जातात. एकाच बराकीत एका दशकाच्या आत दोन देशांच्या मुलांनी आपापले हरवलेले घर आठवले असेल.

वळिवड्याची मुले मोठी झाली, देशोदेशी पांगली आणि म्हातारपणी त्यांनी एकत्र येऊन भारतातील आपल्या दिवसांवर एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. २०१९ मध्ये त्यांतील काही जण ऐंशीच्या पुढच्या वयात कोल्हापूरला येऊनही गेले. हे सारे मोलाचेच आहे. परंतु ते मोठ्यांचे स्मरण आहे, सत्तर वर्षांनंतरचे, मधल्या आयुष्याने घासूनपुसून लख्ख केलेले. खुद्द पोलंडमध्ये १९४६ साली एक निराळे काम झाले. शाळांतील मुलांना युद्धकाळातील आठवणींची चित्रे काढायला सांगण्यात आले. त्यांपैकी सात हजारांहून अधिक चित्रे वॉर्सा येथील अभिलेखागारात आजही जपलेली आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला १९४६ मध्ये जे दिसत होते ते त्याच वर्षी कागदावर उतरले. ऐंशीव्या वर्षी लिहिलेल्या आत्मकथनात आणि त्या कागदात जो फरक आहे, तोच माझ्या या लेखाचा मुद्दा आहे.

याबाबतीत एका शिक्षिकेचे नाव प्रत्येक चित्रकला शिक्षकाला माहीत असावे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. जर्मनीतील प्रसिद्ध बाउहाउस कलाशाळेत शिकलेली ही ज्यू चित्रकर्ती. नाझींनी तिला डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझिनच्या बंदिस्त वस्तीत पाठविले. तिथे तिने मुलांचे चित्रवर्ग घेतले. कागद मिळत नसे. कार्यालयांतील वापरलेल्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजू, रद्दीचे तुकडे, जे हाती येईल त्यावर मुले चित्रे काढत. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली आणि आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत.

त्या चित्रांविषयी दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, त्यांतल्या पुष्कळ चित्रांत छळ दिसतच नाही. फुले आहेत, फुलपाखरे आहेत, जेवणाचे टेबल आहे, खिडकी आहे, खाटा आहेत, मधूनच भाकरीसाठी लागलेली रांग आहे. निर्वासित मुलाच्या चित्रात रक्त आणि बंदूक असलीच पाहिजे, अशी आपली समजूत असते; कारण ते चित्र आपल्याला आपल्या कणवेसाठी हवे असते. मुलाला हवे असते त्याचे दार. दुसरी गोष्ट याहून साधी आहे. बाईंचा आग्रह असे की प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव लिहावे. जिथे माणसाला क्रमांक देऊन गाडीत भरले जात होते, तिथे त्या नाव लिहायला लावत होत्या. ती मुले बहुतेक परतली नाहीत. आज त्यांच्यापैकी कित्येकांची जगात उरलेली एकमेव स्वतःच्या हातची सही त्या कागदांवर आहे.

मुलाच्या चित्राला पुराव्याचे वजन असू शकते, हेही आता जगाने मान्य केले आहे. स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांनी काढलेली साठ चित्रे १९३८ साली पुस्तकरूपाने निघाली, त्यांना आल्डस हक्सली यांची प्रस्तावना होती; त्या चित्रांत आकाशात पक्ष्यांऐवजी बॉम्बफेकी विमाने दिसतात. २००५ मध्ये दारफूरहून चाडमध्ये पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलाखती घेताना अभ्यासकांनी मुलांना गुंतवून ठेवायला कागद आणि रंग दिले. कुणी काही सुचविले नव्हते. मुलांनी जळती गावे, घोड्यांवरचे बंदूकधारी आणि वरून घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरे काढली. पुढे २००७ मध्ये चाडच्या छावण्यांतून आणखी एका संस्थेने जमविलेली अशी पाचशे चित्रे हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पूरक पुरावा म्हणून स्वीकारली. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात मुलाला बोलून, लिहून तसेच कलेच्या रूपाने व्यक्त होण्याचा हक्क दिला आहे. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

आता घराजवळ येतो. युद्ध म्हणजे दोन देशांचे, आणि परागंदा होणे म्हणजे सीमा ओलांडणे, एवढाच अर्थ धरला तर आपल्यातील पुष्कळ जण मोकळे सुटतील. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि मराठवाड्यात खेडोपाडी बौद्ध वस्त्या जळाल्या. माणसे रात्रीतून गाव सोडून निघाली. ऑगस्टमध्ये आपल्या नागपुरातही गोळीबार झाला. इंदोऱ्याचे नामांतर शहीद स्मारक त्याची साक्ष आहे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. या सोळा वर्षांवर आपल्याकडे कविता आहेत, पोवाडे आहेत, भाषणे आहेत, अहवाल आहेत. योगायोग असा की दया पवारांचे ‘बलुतं’ही १९७८ चेच, तेथून आत्मकथनांची जी परंपरा बहरली तिने मराठी साहित्याची दिशा बदलली. आपल्या समाजाने स्मरण शब्दांत जपले, गाण्यांत जपले, आणि अभिमान वाटावा असे जपले. पण जळत्या वस्तीतून आईच्या कडेवर निघालेल्या सहा-सात वर्षांच्या मुलामुलींनी पुढे वसतिगृहात आल्यावर पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर काय काढले? ते सारे पुसले गेले, किंवा वर्षअखेर रद्दीवाल्याच्या तराजूत गेले. त्यांतील काही मुले आज पन्नाशीच्या पुढे गेली असतील. कदाचित ती हे वाचतही असतील.

या विषयावर पालकांशी आणि शिक्षकांशी बोलताना एक आक्षेप हमखास येतो: जखम उकरून काढायची कशाला? मूल इथे येऊन हसते-खेळते आहे, त्याला विसरू द्या. हा आक्षेप मायेतून येतो, म्हणून तो झटकून टाकण्याजोगा नाही. वर्गात उभे राहून ‘तुमच्या घरी काय वाईट घडले ते काढा’ असे सांगणे क्रौर्यच ठरेल, आणि तसे कुणी सांगू नये. मी एवढेच म्हणतो की कागद द्या, रंग द्या, विषय देऊ नका. मूल फूल काढेल तर फूल घ्या. जळणारे घर काढील तर तेही तेवढ्याच शांतपणे घ्या. ‘अरे, छान काहीतरी काढ ना’ म्हणून तो कागद बाजूला सारू नका. विसरायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मुलाचा आहे.

दुसऱ्या टोकाचा उत्साहही तितकाच टाळायला हवा. काळा रंग म्हणजे दुःख, हात नसलेला माणूस म्हणजे भीती, अशी कोष्टके वर्तमानपत्री पुरवण्यांतून फिरत असतात. काळा खडू तेवढाच शिल्लक असल्यामुळेही मूल काळे घर काढते. चित्र वाचण्यापेक्षा ते काढणाऱ्याच्या शेजारी बसावे आणि ‘हे कोण?’ एवढे विचारून थांबावे. मूल सांगेल किंवा सांगणार नाही. फारच अस्वस्थ करणारे, तेच ते चित्र पुनःपुन्हा येऊ लागले तर तज्ज्ञ समुपदेशकाकडे जावे; त्याचा निदानकर्ता चित्रकला शिक्षकाने होऊ नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. आपल्या अनेक संस्था देणग्यांवर चालतात. अनाथ वा विस्थापित मुलाचे चित्र दिनदर्शिकेवर छापले की देणगीदाराचे मन द्रवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाला न विचारता, त्याच्या पालकांना न विचारता असे चित्र छापणे मला पटत नाही. ते चित्र संस्थेचे नाही, ज्याने काढले त्याचे आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ ने बंदीही घातली आहे. फ्रीडलबाई नाव लिहायला लावत, ते कागदावर; भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे. याच कारणाने बक्षिसेही नकोत. आठवणीला पहिला आणि दुसरा क्रमांक देता येत नाही.

मग काय करता येईल? खर्च अगदी थोडा आहे. आठवड्यातून एक तास असा असावा की ज्याला गुण नाहीत आणि फळ्यावर नमुना नाही. मुलाला जे चित्र ठेवावेसे वाटते ते त्याने स्वतः निवडून द्यावे. मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, नाव, वय, इयत्ता, तारीख आणि मुलाने काही सांगितले असल्यास त्याच्याच बोलीतले ते वाक्य, जसेच्या तसे, शुद्धलेखन न सुधारता लिहावे. मुलगा चकमा बोलत असेल, गोंडी किंवा माडिया बोलत असेल, तर तो उच्चार देवनागरीत जसा ऐकू येतो तसा. कागदाची सुरळी करू नये, लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी तर कधीच लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून चित्रालाच खाते. पसरट, झाकणाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या, दोन चित्रांमध्ये कोरा कागद, आणि भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून वर ठेवलेले लोखंडी कपाट. नागपूरचा उन्हाळा कागद कडक करतो, पण खरा शत्रू पावसाळ्यातील ओल, कसर आणि वाळवी. जुलै ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एकदा पेटी उघडून पाहावी. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांपाशी असावी, आणि एक नोंदवही: कुणाचे चित्र, कधी ठेवले, कुणी पाहिले.

विद्यार्थी शाळा सोडून जाईल त्या दिवशी दाखल्याबरोबर त्याला विचारावे: तुझी चित्रे नेतोस, की ठेवतोस, की फाडून टाकायची आहेत? तिन्ही उत्तरे सारखीच मान्य असावीत. ठेवतो म्हणाला तर वीस वर्षांनी तो आपल्या मुलांना घेऊन येईल तेव्हा ती त्याला दाखवता आली पाहिजेत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांच्याजवळ वसतिगृहातील दिवसांची एखादी चित्रवही, पत्राच्या कोपऱ्यावर काढलेले घर, ट्रंकेच्या झाकणाच्या आत चिकटविलेला कागद अजून असेल, त्यांनी तो फेकू नये. मूळ प्रत स्वतःजवळच ठेवा. विद्यालयाला फक्त छायाप्रत द्या आणि मागे दोन ओळी लिहा: हे कोणते गाव, आणि चित्रात नसलेले कोण तेव्हा तिथे होते. ज्यांच्याजवळ काहीच उरलेले नाही त्यांनी आज काढावे. हात वळत नाही अशी सबब चालणार नाही. इंटरमिजिएटचा पेपर तुम्ही दिलेला आहे, आणि या वेळी विषय कुणी फळ्यावर लिहून देणार नाही.